दोनशे चाळीस भागिले दोन

मी काट्याचा मीटर. आकडे चमकवणारा नव्हे, काचेआड काटा हलवणारा. हसू नका. पक्कड आणि काळ्या टेपखाली ड्रॉवरमध्ये कितीही दिवस पडलो, तरी व्होल्ट आणि अँपिअर मी अजून चोख सांगतो.

फक्त ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, सांगत नाही. त्यासाठी पोटात बॅटरी लागते. माझी बॅटरी एका उन्हाळ्यात गळली आणि आतल्या पट्ट्या खाऊन गेली. मिस्त्री, म्हणजे विजेच्या वस्तू दुरुस्त करणारा माझा मालक, फार हळहळला. दुकानाच्या दुसऱ्या भागात त्याची बायको शिलाई मशीनवर बसायची. ती म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं? तुम्ही व्होल्ट नि अँपिअर सांगा. भागाकार मी करते."

झालं, तेव्हापासून आमचं तिघांचं मस्त जमलं. कुणाची इस्त्री आली, की मिस्त्री माझ्यावर वाकून ओरडायचा, "दोनशे चाळीस व्होल्ट! तीन अँपिअर!" मशीन क्षणभर थांबायचं.

"सातशे वीस वॅट," बाई म्हणायच्या.

"अगं, ओहम विचारतोय मी!"

"ऐंशी. पण तापतं किती, ते आधी कळायला नको? गिऱ्हाइकाला तुमच्या ओहमचं काय लोणचं घालायचंय?"

रोज हाच वाद. गुणाकार आधी, भागाकार मागून. बाईंनी हा क्रम कधी सोडला नाही. मिस्त्री वैतागल्यासारखं करायचा, पण वाकलेल्या तोंडावरचं हसू मला दिसायचं. काय दिवस होते हो ते!

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. मशीनवर चादर पडली. मिस्त्रीनं नवा मीटर आणला. तो ओहम आपला आपणच दाखवतो, कुणाला काही विचारावं लागत नाही. मिस्त्रीचं बोलणंच खुंटलं. मी ड्रॉवरमध्ये कान लावून असायचो. ती हाक आणि ते उत्तर, एकदाच ऐकायचं होतं मला. उत्तर आता कुठून येणार, हे काय मला कळत नव्हतं?

परवा लेक आली, आईचा हीटर घेऊन. शिवताना बाई तो पायाशी ठेवायच्या. "बाबा, हजार वॅटचा ना हा? नुसता कोमट होतो. टाकून द्यायला मन होत नाही."

मिस्त्रीनं नव्या मीटरकडे हात नेला आणि मागे घेतला. ड्रॉवर उघडला. माझी काच शर्टानं पुसली. किती दिवसांनी ती बोटं लागली!

"दोनशे चाळीस व्होल्ट," तो म्हणाला. मग वायरी बदलून, "दोन अँपिअर." सवयीनं त्याची मान मशीनकडे वळली. चादर तशीच होती. कशाला काढलंस रे बाबा मला बाहेर?

"चारशे ऐंशी वॅट," लेक म्हणाली.

लहानपणी ही त्याच मशीनखाली चिंध्यांशी खेळायची, हे मी साफ विसरलो होतो.

मिस्त्री गर्रकन वळला. "अगं, ओहम..." तो माझ्यावर वाकला. "ओहम विचारतोय मी."

"एकशे वीस. साठ हवे होते. पण तापतं किती, ते आधी कळायला नको? तापणाऱ्या दोन कांड्यांतली एक गेलीय, बाबा."

"हो, गेलीय," तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ हीटरवरून हात फिरवत राहिला.

आता मी टेबलावर असतो. सुट्टीच्या दिवशी लेक येते, तोवर मिस्त्री मोजायच्या वस्तू बाजूला काढून ठेवतो. तुमच्यापैकी कुणी या दुकानात आलात, तर एवढी कृपा करा: माझ्या पोटात नवी बॅटरी घालू नका.