डेल्मरच्या खिशातलं पिस्तूल

रविवारी चर्चहून आल्यावर नेडीनने मक्याच्या पावावरचा फडका उचलला. ताटलीशेजारी, लोण्याच्या वाटीला टेकून, नवऱ्याचं पिस्तूल पडलं होतं. नळी तिच्या खुर्चीकडे, आणि आत काडतूस भरलेलं. ते तिने रिकामं केलं, तेवढ्यात डेल्मर आला. "तिथे होतं होय!" म्हणत त्याने ते तिच्या हातातून घेतलं, पुन्हा भरलं आणि कोटाच्या खिशात टाकून तो जेवायला बसला.

तसं पाहिलं तर ते खेळण्याएवढं. बावीस कॅलिबरचं पिस्तूल, काडतूस शेंगदाण्याहून जरासं लांब. केंटकीच्या त्या डोंगरात लोक त्याने साप मारतात, डबे उडवतात, पोरांना नेम शिकवतात आणि "चिमण्या हाकलायचं यंत्र" म्हणून हसतात. पण माणूस मरायला तेवढं पुरतं, हे हसणाऱ्यांनाही माहीत असतं. डेल्मरला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. गावच्या नेमबाजीच्या मैदानावर तो कित्येक वर्षं हुकूम देणारा माणूस. आयुष्यात कधी भरलेलं हत्यार त्याने उंबऱ्याच्या आत आणलं नव्हतं. आता त्याच माणसाला सकाळी काय खाल्लं हे दुपारी आठवत नव्हतं.

लपवून ठेवावं, असं कुणीही सांगेल. सांगणाऱ्याचं काय जातंय? एकदा तिने लपवलं होतं. डेल्मर दिवसातून दहादा खिसा चाचपायचा. खिसा हलका लागताच घरात चोर शिरले म्हणून त्याने तळघरातून रायफल आणली, दारात बसला आणि टपाल घेऊन येणाऱ्या बाईवर नेम धरला. बिचारी गाडी मागच्या मागे घेत पळाली. त्यानंतर मुलगी कॅरलीन रायफली उचलून घेऊन गेली. त्यांची त्याला आठवणही झाली नाही. खिशाची मात्र व्हायची.

"आई, हिसकावून घे ना सरळ!" कॅरलीन फोनवर म्हणाली.

"तू येऊन हिसकाव की, भवाने! भरलेलं असतं ते."

त्याने आपल्या हाताने दिलं तरच सुटका होती, हे नेडीनला कळत होतं. आणि ते मागायला एकच जागा होती. मागच्या शेतात, लाल मातीच्या बांधासमोर, डेल्मरने पोरांना नेम शिकवायला कमरेएवढ्या उंचीवर एक फळी आडवी टाकली होती. त्या फळीशी उभा राहिला की तो पूर्वीसारखा शहाणा व्हायचा. निदान मागच्या उन्हाळ्यापर्यंत तरी व्हायचा.

"डेल्मर, चल, डबे उडवू. मग साफ करून ते कॅरलीनच्या पोरांना देऊन टाकू. तूच म्हणाला होतास."

"मी म्हणालो होतो?" तो क्षणभर गोंधळला. "मग म्हणालोच असेन. पण तू फळीच्या मागे राहायचं हं, म्हातारे. तुझा नेम म्हणजे शेजाऱ्याच्या गाईला धोका."

तो उभा राहिला तो अगदी ताठ. पहिला डबा उडाला, दुसरा उडाला. नेडीनचा जीव जरा भांड्यात पडला. तिसऱ्या वेळी नुसता टिक् असा आवाज झाला. या बारक्या काडतुसांत एखादं फुसकं निघतंच. अशा वेळी, ते उशिराही उडू शकतं म्हणून, नळी बांधाकडेच धरून थांबायचं, हे त्यानेच अख्ख्या खोऱ्याला शिकवलेलं.

डेल्मर थांबला नाही. त्याने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे ओढून सोडली. फुसकं काडतूस गवतात पडलं, नवं आत गेलं, आणि पिस्तूल हातात घेऊन तो तसाच वळला.

"नेडीन, हे चालत नाहीये. बघ जरा."

नळी तिच्या पोटासमोर होती आणि बोट चापावर. तो तिच्याकडे लहान मुलाने मोडकं खेळणं दाखवावं तसा बघत होता. पळावं तर तो दचकेल. हात पुढे करावा तर तो चाप ओढेल. मरणाची एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती, आणि आपल्यामागे याला कोण सांगणार की हे तू केलंस, याची त्याहून जास्त वाटली.

मग तिने, कुठून बळ आलं कोण जाणे, त्याच्याच मैदानावरच्या आवाजात हुकूम सोडला.

"फायर बंद!"

डेल्मरचं बोट चापावरून उडालं. तो गर्रकन बांधाकडे वळला. काडतुसांचं मॅगझिन निघालं, स्लाइड मागे गेली, जिवंत काडतूस बाहेर उडालं. पिस्तूल उघडं फळीवर ठेवून तो एक पाऊल मागे सरकला. सगळं त्याच्या हातांनी केलं. मग त्याने जरबेने विचारलं, "कोण वळलं? हत्यार घेऊन वळेल त्याने घरी जायचं. पुन्हा यायचं नाही."

"तू वळलास, डेल्मर."

त्याने फळीवरचं पिस्तूल तिच्याकडे सरकवलं. "मग ते तू ठेव," म्हणाला, आणि मान खाली घालून घराकडे चालू लागला. संध्याकाळी कॅरलीन पिस्तूल घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खिसा चाचपला. "नेडीन, पिस्तूल चोरलं कुणीतरी!" तिने खरं ते सांगितलं. "तुझ्यावर? मी?" म्हणत तो खुर्चीत कोसळला आणि रडला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच झालं. मग एका सकाळी ती उठून बघते तो डेल्मर लाकडं फोडायची कुऱ्हाड घेऊन दाराआड उभा. चोराची वाट बघत होता.

"चोर नाही रे," ती भिंतीला टेकून म्हणाली. "मी वळले. भरलेलं पिस्तूल तुझ्यावर धरलं. तू मला हाकललंस आणि ते कॅरलीनकडे पाठवून दिलंस."

कुऱ्हाड खाली आली. "इतकी वर्षं माझ्यासोबत राहून? अक्कल गहाण टाकली होतीस काय?"

"टाकली होती."

"जीव गेला असता माझा!"

"हो."

"मग तू आहेस तोवर ते या घरात येणार नाही. सांगून ठेवतो."

"नको आणूस," ती म्हणाली आणि त्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. त्याने ती दिली.

तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून तो जरा नरमला. "बरं, रडू नकोस. पहिल्यांदाच चुकलीस."

उद्या सकाळीही तो हेच म्हणणार होता, आणि तिला ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकावं लागणार होतं.