खिशातले हत्यार

मित्रांनो, माझ्या पाकिटावर 'हत्यार' असे लिहिले होते. अक्षर सुरेख होते, मजकूर चुकीचा होता. मी एक जुना चाकू आहे, झाडांची कलमे बांधणाऱ्याचा. माझे पाते बोटभर लांब आहे आणि मिटले की लाकडी मुठीत बसते. धार एकाच अंगाला आहे, कारण कलमाचा काप सपाट लागतो. एवढ्या वर्षांत मी माणसाचे रक्त दोनदाच पाहिले, आणि दोन्ही वेळा ते माझ्या मालकाच्याच अंगठ्याचे होते.

एका लोहाराने मला करवतीच्या जुन्या पात्यातून घडवले. माझा पहिला मालक म्हणजे आताच्या मालकाचा बाप. तो मला रोज दगडावर घासायचा आणि डाव्या मनगटावरचे केस काढून धार बघायचा. ते मनगट जन्मभर गुळगुळीत राहिले. घरात कुणी मला उचलले की तो म्हणायचा, "माझ्या हत्याराला हात लावायचा नाही." हा शब्द लक्षात ठेवा. सुतार, गवंडी, चांभार, सगळेच आपल्या साधनांना हत्यारे म्हणतात. त्यात मारामारीचा संबंध नसतो. पण ही गोष्ट कायद्याच्या कानावर कुणी घातलेली नाही.

बापानंतर मी मुलाच्या कोटाच्या उजव्या खिशात राहू लागलो. बागवाले त्याला कलमदादा म्हणत. शंभरातली नव्वद कलमे जगत. कौतुक त्याचे होई, माझे नाव निघत नसे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

कलमदादाच्या अंगणात त्याच्या आईने लावलेले नासपतीचे झाड होते. फळ लहान आणि ओबडधोबड, पण तसे गोड फळ त्या भागात दुसरे नव्हते. यंदा हिवाळ्याच्या शेवटी ते वादळात उन्मळून पडले. घरमालकाने लगेच तिथे फरशी घालायला घेतली. झाड म्हातारे होते, निरोगी काड्या सातच निघाल्या. कलमदादाने त्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि दूरच्या शहरात राहणाऱ्या बहिणीला कळवले, "खुंट तयार ठेव." खुंट म्हणजे ज्या रोपावर काडी बसवायची ते रोप. तिने दोन खुंट केव्हाचे वाढवून ठेवले होते. ओल्या फडक्यात अशी काडी आठ दिवस जगते, फार तर दहा.

निघताना त्याने बसच्या तिकीट खिडकीत विचारले, "खिशात चाकू आहे, चालेल ना?"

"चालतो की. कामाचाच आहे ना?"

खिडकीतला माणूस खोटे बोलला नाही. तो त्याच्या गावचा कायदा सांगत होता. बस जिथे जाणार तिथला कायदा याने विचारला नाही, त्याने सांगितला नाही.

नऊ तासांनी आम्ही त्या शहराच्या बसस्थानकात उतरलो. दाराशी तपासणी होती.

"काका, खिशात काय आहे?"

"माझं हत्यार," कलमदादा म्हणाला. अभिमानाने म्हणाला.

रांगेतली मागची बाई दोन पावले मागे सरकली.

"कशासाठी आणलंय?"

"कापायला. दुसरं कशाला असतं?"

मग तपासणीवरचे साहेब आले. माणूस सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. ते म्हणाले, "इथे खिशात चाकू बाळगायला बंदी आहे. कामाचा असेल तर मिटवून, गुंडाळून, कुलपाच्या पेटीत. पेटीतलं ते अवजार, खिशातलं ते हत्यार."

"साहेब, खिसा बदलला की चाकू बदलतो का?"

"चाकू तोच राहतो, काका. कलम बदलतं."

"मी कलमाचंच तर सांगतोय."

"मीही."

कलमदादाने पुडके सोडून काड्या दाखवल्या. साहेबांनी त्या शांतपणे मोजल्या. "मग याही पुरावा झाल्या. तुमच्याच बाजूचा आहे, तुमच्याच फायद्यासाठी ठेवतोय." मी आणि सात काड्या एका कागदी पाकिटात गेलो. वर लाखेचे सील लागले आणि पाकीट चौकीतल्या कारकुनाच्या खणात गेले. सुनावणी बाराव्या दिवशी.

मित्रांनो, त्या खणातले बारा दिवस मी दिवसागणिक सांगू शकतो. पहिल्या दोन दिवसांत फडक्यातली ओल कागदाने पिऊन टाकली. तिसऱ्या दिवशी फडके कडक झाले. सहाव्या दिवशी काड्यांच्या सालीवर सुरकुत्या आल्या. माझ्यात आणि त्यांच्यात चार बोटांचे अंतर होते. त्यांचे काम माझ्याकडे होते, माझे काम त्यांच्यावर होते, आणि आम्ही दोघे एकमेकांचा पुरावा होतो.

कारकुनाच्या टेबलावर एक कुंडी होती. तिला तो रोज सकाळी न चुकता पाणी घालायचा. बहीण भावाला घेऊन रोज खिडकीशी यायची.

"अहो, त्या कुंडीला घालता त्यातले चार थेंब फडक्यावर टाका."

"ताई, सील आहे. पाकीट भिजलं तर मी पुरावा खराब केला असं होईल."

"जाऊ दे गं," कलमदादा म्हणाला.

"तू बोलूच नकोस, दादा. इतकं बोललास तेवढं पुरे. सुरी म्हटलं असतंस तर जीभ झडली असती?"

बाराव्या दिवशी साहेबांनी विचारले, "वस्तूचं नाव?"

कलमदादाने बापाचा शब्द गिळला. "अवजार," तो म्हणाला.

"मग तेव्हाच सांगायचं ना, काका."

सील तुटले. त्याच दुपारी बहिणीच्या अंगणात त्याने माझ्या टोकाने पहिल्या काडीची साल किंचित खरवडली. खाली हिरवे दिसले तर काडी जिवंत. तपकिरी दिसले. दुसरीही तपकिरी, तिसरीही. सहा झाल्या. सातवी त्याने उचलली तेव्हा बहिणीने ती हातातून काढून घेतली.

"हिला नको तपासूस," ती म्हणाली, आणि पाण्याच्या पेल्यात उभी करून ती घरात घेऊन गेली. दोन्ही खुंट तसेच उभे राहिले. कलमदादाने मला पुसले, मिटवले, आणि सवयीने खिशात घालता घालता तो थांबला.

मित्रांनो, चाकूला सरहद्द दिसत नाही, ती तुम्हाला पाहावी लागते. परगावी निघताना कायदा जाणार त्या गावचा विचारा, आणि विचारायचा तो तिथल्याच माणसाला. पात्याची लांबी, खिसा की पेटी, सगळे नीट लिहून घ्या. आणि दाराशी कुणी विचारले तर घरातला शब्द घरी ठेवा.

मी आता कुलपाच्या पत्र्याच्या पेटीत असतो. झाकणावर बहिणीने ठळक अक्षरांत 'अवजारे' असे लिहिले आहे. यावेळी मजकूर बरोबर आहे. पण त्या नासपतीची काडी आता कुठल्याच झाडावर नाही.