कपाळावरची मंगळरेषा

पादुआ शहरात झानेत्ता नावाची एक परटीण होती. नवरा नावाडी होता. तो तापाने गेल्याला अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. विद्यापीठातल्या पंडितांचे सदरे धुऊन ती पोट भरायची. सदरे दारातच नोकर घ्यायचा, त्यामुळे दिवसचे दिवस तिला कुणाशी चार शब्द बोलायला मिळत नसत.

एका शनिवारी ती सदरे पोचवायला गेली, तेव्हा त्या पंडितांपैकी एक, डॉक्टर फुल्जेन्त्सिओ, स्वतःच दारात आले. कपाळावरच्या रेषांवरून माणसाचा स्वभाव आणि नशीब सांगणारा ग्रंथ ते लिहीत होते. तिच्या टोपलीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. घामाने रुमाल मागे सरकला होता, त्याखालचं कपाळ मात्र ते बघतच राहिले. त्यांनी तिला आत बोलावून खिडकीजवळ बसवलं.

अशा चार दुपारी ती बसली. केसांजवळ शनीची रेषा, तिच्याखाली गुरूची, मग मंगळाची. डॉक्टर कंपास टेकवून एकेक मोजायचे आणि मोजता मोजता विचारायचे. जन्म कुठला, दुखणी कोणती झाली, नवरा कसा गेला, शेजाऱ्यांशी पटतं का. तिने सगळं सांगितलं. शेवटच्या दिवशी नवऱ्याशी भांडण झालं होतं, त्याने पाणी मागितलं तेव्हा ती रागाने उठलीच नव्हती. पाद्र्यापाशीही कधी न बोललेलं, तेही सांगून टाकलं. चौथ्या दिवशी चित्रकाराने तिचा चेहरा काढला आणि काम संपलं. पाचव्या दुपारी ती स्वच्छ रुमाल बांधून उगाचच गेली. आता गरज नाही, असं नोकराने सांगितलं.

दोन वर्षांनी शेजारचा बास्तियान एक छापील कागद घेऊन आला. तो पुस्तकं बांधायचा. कागदावर तिचा चेहरा होता. खाली काय लिहिलंय म्हणून विचारलं तर तो कां कू करू लागला. मग त्याने वाचलं: मंगळाची रेषा अशी मध्येच तुटलेली असेल तर ती बाई भांडखोर आणि नवऱ्याच्या जिवावर उठणारी, तिचा नवरा तहानेने तडफडून मरतो.

"रेषेवरून कळतं म्हणे हे सगळं," बास्तियान म्हणाला.

"रेषेवरून नाही रे. मी सांगितलं होतं त्यांना."

गोष्ट धुण्याच्या घाटावर पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. बायका तिला वाईट काही बोलल्या नाहीत, फक्त आपापल्या टोपल्या जरा पलीकडे ओढल्या. झानेत्ता खालच्या अंगाला, सगळ्यांचं गढूळ पाणी यायचं तिथे धुऊ लागली.

शेवटी एक दिवस ती डॉक्टरांकडे गेली. काय सुनवायचं ते वाटेत घोकलं होतं. त्यांनी तिला ओळखलंच नाही. कपडे मागच्या दारी दे म्हणाले. तिने रुमाल मागे सारला तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, तुटकी मंगळरेषा! ये, बस. नव्या आवृत्तीसाठी पुन्हा मोजायचीच होती."

स्वतःचा राग आला, तरी ती बसली. कपाळाला त्यांची बोटं लागली. दोन वर्षांत तिला कुणाचा स्पर्श झाला नव्हता.

"घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं. आधी विचारलेलं ते विसरले होते.

"दोन मुली," झानेत्ता म्हणाली.

डॉक्टर वाकले, भुवईपाशी डोळे बारीक करून बघू लागले.

"बरोबर. चंद्ररेषेला हे दोन फाटे आहेत की. मागच्या वेळी कसे नजरेतून सुटले कोण जाणे."

मग ती बोलत राहिली. थोरली अबोल आहे, धाकटीला पाव मधात बुडवूनच लागतो, दोघींची केसांच्या फितीवरून भांडणं होतात. डॉक्टर भराभर लिहून घेत होते. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा ती उठली. दाराशी थांबून तिने विचारलं, उद्या येऊ का. ते मान वर न करता म्हणाले, ये.

ती घरी जायला निघाली. धाकटीला काय नाव द्यावं, याचा विचार ती वाटभर करत होती.