उभी राहिलेली लॉरी

सोनपेठ सोडून दोन-तीन कोस आली असेल-नसेल, लॉरीच्या इंजिनात कोणी घण घातल्यासारखा आवाज झाला आणि ती जागीच थांबली. भुजंग उतरून वाकला. काळ्या मातीवर तेलाचं थारोळं झालं होतं. इंजिनाच्या पोटाला भोक पडून आतला तुटका दांडा बाहेर आला होता. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला आणखी काही बघायची गरज नव्हती.

फौजेनं मोडीत काढलेली ही लॉरी म्हणजे त्याचं घर. पाठीवर फळ्या ठोकून त्यानं खोली केली होती. आत खाट, चूल, सिनेमाचं यंत्र. गावोगावच्या बाजारात पडदा बांधून तो आणि बायको नर्मदाबाई खेळ करीत.

आता मात्र ते पूर्णेला निघाले होते. नर्मदाबाईची आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप सोनपेठच्या बाजारात मिळाला होता. ती भुजंगबरोबर निघून आली तेव्हा आई म्हणाली होती, "तुला उंबरा लाभायचा न्हाई." त्यानंतर मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. नर्मदाबाईनं सकाळपासून फळी न् फळी पुसून काढली होती.

"किती येळ लागंल?" तिनं आतून विचारलं.

"इंजिन गेलं. न्हाई व्हायचं आता."

"दुसरं बसवा की."

"हैदराबादेतबी गावायचं न्हाई असलं."

शेजारच्या शेतातल्या सुग्रीवनं दोन बैलजोड्या लावून लॉरी कडेच्या लिंबाखाली ओढून दिली. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "वैनी, मी गाडी जुपतो. पाथरीला मोटार गावंल, परभणीला रेल्वे. उद्या आईजवळ असताल."

"मला या घरात बसून जायचंय," नर्मदाबाई म्हणाली. "तिला दावायचंय."

"अगं, तिचा जीव चाललाय," भुजंग म्हणाला. "ती काय बघनार हाय?"

"तुमी दुरुस्त करा."

दुरुस्त होणार नाही हे ठाऊक असूनही भुजंग दोन दिवस लॉरीखाली पडून राहिला. ती पायरीवर बसून त्याच्याकडं बघत होती, म्हणून त्याला उठवेना. तिसऱ्या दिवशी तिनं आपणच गाठोडं बांधलं. तोही निघाला, तर म्हणाली, "घर उघडं टाकून कुठं येताव?" सुग्रीवच्या बैलगाडीतून ती एकटी गेली.

परतली ती पायी, धुळीनं माखलेली. भुजंगनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"भेट झाली का?"

"मी पोचायच्या आदल्या दिशीच मातीला नेलतं." ती पाणी न पिता तांब्या धरून बसली. "लय वाट बघितली म्हने तिनं. गाडीचा आवाज आला की दाराकडं बघायची."

आपण पहिल्याच दिवशी तिला हाताला धरून बैलगाडीत बसवायला हवं होतं, हे भुजंगला आता कळत होतं.

काही दिवसांनी सुग्रीव आला. त्याची टोळी नगरकडं ऊसतोडीला निघाली होती. तोडीला नवरा-बायकोची एक जोडी कमी पडत होती.

"हितं बसून काय करताव? चलता का?"

भुजंगनं बायकोकडं पाहिलं. तिनं चुलीतली राख काढली, भांडी पोत्यात भरली. सिनेमाचं यंत्र त्यानं सुग्रीवच्या घरी नेऊन ठेवलं. पुन्हा कधी लागेल असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

बैलगाडी हलली.

"नर्मदे, दार लावलंस का?" भुजंगनं विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली.