चौथा प्रश्न

लिफ्टवाल्याच्या भाचीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एक पोर रडायचं थांबलं की दुसरं सूर लावायचं. त्या दोघांना मांडीवर घेऊन बसलेली त्यांची आजी म्हणायची, "देवाने एकदम दोन धाडली, म्हणजे मला इतक्यात बोलावत नाही."

ही आजी म्हणजे लिफ्टवाल्याची थोरली बहीण, ताई. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. ताईचं हृदय कमजोर होतं. सकाळी दोन आणि संध्याकाळी एक, अशा तीन गोळ्यांवर ते सहा वर्षं निमूट चाललं होतं.

लिफ्टवाला उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायचा. भाची त्याला वरखालीमामा म्हणायची. दर महिन्याला तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचा आणि लिफ्ट थोडी थोडी सरकवत लोखंडी दोरावरून सुती चिंधी फिरवायचा. दोरातली एखादी बारीक तार तुटलेली असली तर डोळ्यांना दिसत नाही, पण चिंधीचा धागा तिला अडकतो. मग भिंतीवरच्या कार्डावर सही. चिंधी न फिरवता त्याने जन्मात सही केली नव्हती.

चर्चमध्येही त्याच्या वाट्याला तपासणीच आली होती. मंडळीने, म्हणजे तिथल्या सभासदांनी, त्याला आपला 'वडील', म्हणजे चर्चचा पंच, म्हणून निवडलं होतं, आणि तिथली जुनी रीत अशी की नवा उपदेशक व्यासपीठावर चढण्याआधी मागच्या खोलीत बसे आणि वडील त्याला सात प्रश्न विचारत. प्रश्न एका म्हाताऱ्या पाळकांनी वहीत लिहून ठेवले होते. उत्तरं पटली तर वडिलांनी खाली सही करायची. चौथा प्रश्न होता, दुखणाईताला तुम्ही काय सांगाल?

तरुण पोरं थट्टा करत. "मामा, पाहुण्याला आधी चहा की आधी परीक्षा?"

"आधी परीक्षा. चहा पोटात गेला की कुणीही गोडच बोलतो."

ताईने शेजारणीच्या घरी एका उपदेशकाची प्रार्थना ऐकली आणि हट्टाने त्याला मंडळीत बोलावलं. त्या रविवारी सकाळी नेमकी एका इमारतीत लिफ्ट अडकली, आत नवराबायको. त्यांना सोडवून लिफ्टवाला धावत आला तेव्हा हातांना ग्रीस तसंच होतं. चर्च गच्च भरलं होतं, शेजारून खुर्च्या आणाव्या लागल्या होत्या. मागच्या खोलीत उपदेशक डोळे मिटून बसला होता. दाराशी ताई उभी.

"वही नंतर काढ," ती हळूच म्हणाली. "माणूस प्रार्थनेत आहे. सगळे खोळंबलेत तुझ्यापायी."

त्याने खोळंबलेली माणसं पाहिली. हात पँटला पुसले आणि वहीत सही केली. कागदावर अंगठ्याचा काळा डाग उमटला.

उपदेशकाचा आवाज फार गोड होता. पहिले तीन रविवार त्याने लोकांना रडवलं आणि शांत केलं. चौथ्या रविवारी तो म्हणाला, ज्याचा विश्वास पुरा त्याचं शरीर पुरं, आणि जो औषधाला हात लावतो तो देवाचा हात झटकतो. ताई उठली, पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली आणि व्यासपीठाच्या पायरीवर ठेवून आली. टाळ्या पडल्या. लिफ्टवाल्याचेही हात दोनदा एकमेकांवर आपटले. मग त्याने ते मांडीखाली दाबून धरले.

दुसऱ्या दिवशी तो नवी बाटली घेऊन तिच्याकडे गेला.

"ताई, गोळी देवानेच दिलीय असं समज आणि घे."

"म्हणजे तो खोटं शिकवतो?" ताई एका नातवाचा लंगोट बदलत म्हणाली. "खोटं असतं तर तू त्याला वर चढू दिलं असतंस होय? मी वही उघडून बघितली. तुझी सही आहे. डागासकट."

तेव्हाच त्याने सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण ज्या बहिणीने त्याला अक्षरं गिरवायला शिकवलं, तिला स्वतःची सही खोटी आहे हे सांगायची त्याला लाज वाटली. तो हवापाण्याचं बोलला आणि बाटली फडताळावर ठेवून आला. ती तिथेच राहिली.

तीन महिन्यांत ताईचे पाय सुजले. दोन जिने चढताना ती चारदा बसू लागली. तिचं हसणं गेलं. "माझ्यातच काहीतरी कच्चं आहे रे," ती म्हणाली. "बाकीचे बरे होतात. देवाने माझ्याकडे पाठ फिरवलीय." मग नातवंडांनाही जवळ घेईनाशी झाली. आपला अविश्वास पोरांना लागेल म्हणाली.

ते ऐकून लिफ्टवाला वही घेऊन तडक उपदेशकाकडे गेला. चौथा प्रश्न विचारला.

"सांगेन, की विश्वास असता तर दुखणं टिकलंच नसतं," उपदेशक शांतपणे म्हणाला. एवढं एक उत्तर. पहिल्या दिवशी ते ऐकायला दोन मिनिटं लागली असती.

पुढच्या रविवारी त्याने मंडळीसमोर उभं राहून सगळं सांगितलं आणि आपली सही खोडली. उपदेशक अर्धी माणसं घेऊन दुसरीकडे गेला. जाताना एकजण म्हणाला, "मामा, इतके दिवस बरे गप्प बसलात."

तोवर ताई दवाखान्यात होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, पण डॉक्टर नजरेला नजर देत नव्हते. त्याने तिच्या उशाशी बसून कबूल केलं. "मी विचारलंच नव्हतं, ताई. नुसती सही केली."



"मग माझा विश्वास कमी पडला, ते?"

"लिफ्टमध्ये एकजण शीळ घालत चढतो, एकजण जीव मुठीत धरून. दोघंही सातव्या मजल्यावर पोचतात. माणसाच्या धीरावर लिफ्ट चालत नाही, दोरावर चालते. ख्रिस्ताने तुला धरलंय. तुझी मूठ सैल असली तरी."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला उशिरा का सांगितलंस?"

ताईने त्याचा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला आणि झोपली.

त्याला वाटलं, त्या खोट्यातून ती सुटली. पण दुसऱ्या सकाळी तिने पुन्हा विचारलं, "देव रागावलाय का रे माझ्यावर?" त्याने पुन्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं वाटलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. खोटं तिच्या आत खोल मुरलं होतं, आणि खरं रोज नव्याने घालावं लागत होतं. अकरा सकाळी तिने विचारलं, अकरा सकाळी त्याने सांगितलं. शेवटच्या सकाळी तिचे ओठ हलले, त्याने कानाशी वाकून उत्तर दिलं, पण ते तिला ऐकू गेलं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही.

जुळ्यांना पहिला दात आला त्या महिन्यात, दुसऱ्या बुधवारी, सकाळी सव्वानऊ वाजता ताई वारली. ती एकोणसत्तर वर्षांची होती.