शून्याचा फिरता चषक

संध्याकाळ झाली की गल्लीत एकच प्रश्न असायचा, "आज किती?" पूर्वी हा प्रश्न सामन्यातल्या धावांसाठी असायचा. साथ आली आणि तो आजाऱ्यांसाठी झाला. गल्लीत पाच इमारती. प्रत्येकीच्या फाटकावर एक काळा फळा आणि त्यावर खडूने लिहिलेला आकडा, म्हणजे त्या इमारतीत आज किती जण तापाने-खोकल्याने आडवे आहेत. ज्या त्या सेक्रेटरीने विचारपूस करायची, आकडा लिहायचा आणि फोन करून आरोग्य केंद्राला कळवायचा. बस्स. यात अक्कल लावायची काही गरजच नव्हती. पण जादा अक्कल असलेला माणूस नेमका मधल्या इमारतीचा सेक्रेटरी होता, त्याला कोण काय करणार?

त्याला सगळे कपवाले म्हणत. नाक्यावर त्याचं कप, ढाली आणि पदकांचं दुकान होतं. गडी मुलखाचा मिस्कील. बायकोच्या भावाला त्याने 'उत्कृष्ट घोरणे' अशी अक्षरं कोरलेली ढाल दिली होती. सासूबाई कायमच्या राहायला आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात 'सर्वोत्तम टोमणे' असं पदक घातलं होतं. सासूबाईही काही कमी नव्हत्या. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्या ते पदक दाखवायच्या आणि म्हणायच्या, "जावईबापूंनी दिलंय. दुकानात खपत नव्हतं."

साथीत शर्यती बंद, सामने बंद, कोणी जिंकेना आणि कोणी हरेना. कपांवर धूळ बसली. रिकामं डोकं आणि भरलेलं दुकान एकत्र आलं की काय होणार? कपवाल्याने पाचही सेक्रेटरींना अंगणात लांब लांब उभं केलं आणि जाहीर केलं की आजपासून फिरता चषक. ज्या इमारतीच्या फळ्यावर शून्य, तिच्या दारात कप. एक जरी आजारी निघाला तरी कप शेजारच्या इमारतीत. त्यासाठी त्याने दुकानातला सगळ्यात उंच, दोन कानांचा, कुठल्याशा कुस्त्यांसाठी बनवलेला कप काढला.

सुरुवातीला चमत्कारच झाला. जो तो हात धुऊ लागला, मास्क नाकावर चढले, जिन्यात गप्पा मारणारे पांगले. कपवाल्याची छाती फुगली. फक्त सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हात धुण्याला कप द्या, मास्कला द्या. शून्याला देऊ नका. माणसाला आजारपण टाळता येईलच असं नाही, लपवता मात्र नक्की येतं."

कपवाला हसला. सासूबाईंनी उभा जन्म वेधशाळेत नोकरी करून पाऊस मोजला होता. ढगात वावरलेल्या बाईंना जमिनीवरच्या स्पर्धेतलं काय कळणार, असं तो बायकोला म्हणाला. तेही त्या ऐकतील अशा बेताने.

कप त्यांच्याच इमारतीत आला आणि मुक्कामाला राहिला. बाकीच्या चारही फळ्यांवर शून्य लागलं, कप कधी सुटतोय याची वाट बघत. आणि हळूहळू इमारतीला एक वेगळीच शिस्त लागली. कोणी खोकेनासं झालं. जिन्यात एखाद्याला शिंक आली तर तो ती अशी गिळायचा की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि समोरचा सभ्यपणे दुसरीकडे बघायचा. तिसऱ्या मजल्यावर रेडिओ मधूनच एकदम मोठा व्हायचा आणि तितकाच एकदम बारीक व्हायचा. कपवाला फोन करून विचारायचा, "कोणी आजारी?" प्रत्येक घरातून एकच उत्तर, "छे छे, ठणठणीत." हा ठणठणीतपणा जरा जास्तच होतोय हे त्याच्या कानांना कळत होतं. पण कान बोलत नाहीत आणि कप चकाकतो. तो शून्य लिहायचा. शून्य काढायलाही सोपं, नुसता हात फिरवायचा.

त्याच्या बरोबर खालच्या घरात टेलरमास्तर राहायचे. दोघं लंगोटीयार. साथीत भेटणं बंद झालं तेव्हा त्यांनी आपापल्या बाल्कनीत आपापला बुद्धिबळाचा पट मांडला होता. हा वरून खेळी ओरडायचा, तो खालून. मास्तर बुद्धिबळ कमी आणि बडबड जास्त खेळायचे. स्वतःचं एक प्यादं मेलं तरी शोकसभा घ्यायचे.

पण इतक्यात मास्तरांचा आवाज येत नव्हता. खेळी त्यांची बायको सांगायची. घसा बसलाय म्हणे. आणि खालून सारखा मिक्सरचा आवाज. सकाळी, दुपारी, चहाच्या वेळीसुद्धा.

त्या दिवशी ऊन उतरताना वहिनींचा आवाज आला, "भावजी, हे म्हणताहेत, डावा घोडा वजिरासमोर."

कपवाल्याने पटाकडे पाहिलं. मास्तरांचे दोन्ही घोडे मघाच मेले होते आणि त्याच्या बशीत आडवे पडले होते. त्याला हसूच फुटलं. तो वाकून म्हणाला, "वहिनी, मास्तरांना सांगा, मेलेलं घोडं चालवणारा हा गल्लीतला पहिलाच गडी."

खालून हसू आलं नाही. मिक्सर सुरू झाला.

सासूबाई आरामखुर्चीतून उठल्या. "हा माणूस एका प्याद्यासाठी दोन दिवस रडतो," त्या म्हणाल्या, "तो आपला घोडा विसरेल? आणि तो मिक्सर नीट ऐका जरा. भांड्यात काही नाहीये. रिकामा फिरतोय."

दोघांनी मास्क बांधले आणि ते खाली गेले.

वहिनींनी दार बोटभर उघडलं. म्हणाल्या, काही नाही, जराशी कणकण आहे, तुम्ही आत येऊ नका. कधीपासून, असं सासूबाईंनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, चार-पाच दिवस झाले. आणि एकदम त्यांचा बांध फुटला. "मी सांगत होते कळवू या म्हणून. हे ऐकेनात. म्हणाले, कपवाल्याचा कप माझ्यामुळे जायला नको. दोस्त आहे तो माझा."

कपवाल्याने दार ढकललं. मास्तर शिलाई मशीनवर डोकं टेकून बसले होते. गळ्यात टेप तसाच. ओठ जांभळट पडलेले. एक हात मिक्सरच्या बटणावर. खोकल्याची उबळ आली की बटण दाबायचं, एवढंच काम त्या हाताला उरलं होतं. मित्राला पाहून ते म्हणाले, "घोडा..." आणि पुढचा शब्द काही त्यांना ओढता आला नाही.

कपवाल्याने आरोग्य केंद्राला फोन लावला. पलीकडे डॉक्टरीणबाई होत्या. पत्ता ऐकून त्या म्हणाल्या,

"शून्यवाली गल्ली ना तुमची? रोज तुमचा फोन आला की आम्हाला बरं वाटायचं."

त्याने सगळं सांगितलं. त्यांनी आधी मास्तरांना पालथं झोपवायला सांगितलं, खिडक्या उघडायला सांगितल्या. ऑक्सिजनच्या यंत्राचं विचारलं तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलला. "तुमच्या भागासाठी ठेवलेली दोन यंत्रं आज सकाळीच पुलापलीकडच्या वस्तीत दिली. तिकडच्या फळ्यांवर आकडे होते, तुमच्याकडे शून्य होतं. आम्ही आकड्याच्या मागे धावतो हो. गाडी मागवते, पण एका माणसासाठी कधी मिळेल ते सांगता येत नाही."

फोन ठेवला. सासूबाईंनी तोवर मास्तरांच्या छातीखाली उशा सारल्या होत्या. मास्तरांचा श्वास खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता, बोथट कात्रीने जाड कापड कापावं तसा. एक संपला की दुसरा येईपर्यंत कोणी हलत नव्हतं.

"लोक घाबरले असते, आई," कपवाला पुटपुटला. "आकडा लिहिला असता तर लोक घाबरले असते."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आज त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"एका वर्षी असाच धो धो पाऊस लागला होता. वरचे साहेब म्हणाले, बाई, आकडा जरा कमी लिहा, लोक उगाच घाबरतील. मी म्हटलं, साहेब, मी कमी लिहीन, पण नदीला कोण सांगणार? आकडा कमी लिहिला म्हणून पाणी कमी होत नाही, जावईबापू. फक्त काठावरच्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. आकडा म्हणजे लाज नसते. हाक असते ती. तुम्ही शून्य लिहिलंत म्हणजे मास्तरच्या तोंडावर हात ठेवलात. आणि ह्या एकट्याच्याच नाही."

कपवाला उठला. अंगणात गेला आणि फळ्यावरचं शून्य बाहीनेच पुसलं. मग मान वर करून ओरडला, "ऐका सगळे! टेलरमास्तर आजारी आहेत. श्वास लागलाय. मी रोज शून्य लिहीत होतो, मिक्सर ऐकत होतो आणि शून्यच लिहीत होतो. कप गेला खड्ड्यात! आता खरं सांगा, अजून कोण?"

इमारत गप्प. एक पडदा हलला. कपवाल्याला वाटलं, संपलं, आता कोणी बोलणार नाही. मग तिसऱ्या मजल्यावर रेडिओ बंद झाला.

"आमच्याकडे दोघं," खिडकीतून आवाज आला. "मी आणि सासरे."

"आमची थोरली."

"मी आहे. काल बरं वाटत होतं, आज नाही."

आणि मग इमारत खोकली. किती दिवस दाबून ठेवलेला खोकला मजल्यामजल्यावरून सुटला. ऐकून अंगावर काटा यावा असा आवाज, आणि तरी खूप दिवसांनी काहीतरी खरं ऐकू येत होतं. फळ्यावर नऊ आकडा लागला.

बाकीच्या चार सेक्रेटरींना त्याने फोन लावले. पहिले महाशय म्हणाले, आमच्याकडे शून्यच. त्यांच्या मागे काहीतरी घरघरत होतं. कपवाल्याने विचारलं, "मिक्सर रिकामा आहे का हो तुमचा?" पलीकडची घरघर थांबली. मग ते हळूच म्हणाले, "पाच आहेत."

सगळ्या गल्लीचा मिळून जो आकडा झाला तो त्याने डॉक्टरीणबाईंना सांगितला. रागवतील म्हणून त्याने डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, "आता बघा. मघाशी मी एका माणसासाठी हात पसरत होते. आता एवढ्या माणसांसाठी हक्काने मागते."

गाडी आली तेव्हा अंधारून आलं होतं. मास्तरांच्या नाकाला नळी लागली, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लागला. त्या चिमट्यावरचा आकडा वर चढावा म्हणून कपवाला जिन्यात उभा राहून देवाची विनवणी करत होता. गंमत बघा, रोज आकडा खाली दिसावा म्हणून धडपडणारा माणूस! आकडा चढला, हळूहळू, पण चढला. मास्तरांना स्ट्रेचरवरून नेताना वहिनींनी कपवाल्याकडे पाहिलं. ती नजर त्याला लागली.

मास्तर वाचले. इमारतीतले बाकीचेही हळूहळू उठून बसले. मधल्या काळात कपवाला रोज जिन्यात उभा राहून दारादाराशी विचारायचा आणि म्हणायचा, "खोकायचं असेल तर मोकळेपणाने खोका, मी कान टवकारून उभा आहे." फळ्यावरचा आकडा चढला, थांबला, मग उतरला. फिरता चषक सासूबाईंनी गच्चीवर नेऊन ठेवला, पाऊस मोजायला. म्हणाल्या, याला आता तरी खरं बोलायची सवय लागू दे.

मास्तर परत आले ते निम्मे होऊन. दुसऱ्या दिवशी खालच्या बाल्कनीतून घोगरा आवाज आला, "डाव अजून मांडलेला आहे ना?"

"आहे," कपवाला म्हणाला. "पण घोडे मेलेत तुमचे, आठवतंय का?"

"कोण म्हणतं?" मास्तर दम घेत घेत बोलले. "तू नऊ आजारी असताना शून्य लिहितोस, मग मी एक घोडा जिवंत केला तर काय बिघडलं?"

सासूबाई खुर्चीत बसून हसत सुटल्या. त्यांनी गळ्यातलं 'सर्वोत्तम टोमणे' काढलं, दोरीला बांधलं आणि खाली सोडलं. म्हणाल्या, आजपासून मान तुमचा.

तर मंडळी, आपल्या गल्लीचा, शाळेचा, कचेरीचा आकडा चांगला दिसावा असं कोणाला वाटत नाही? पण चांगला दिसणारा आकडा आणि चांगली असलेली माणसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारपण सांगणाऱ्याला नावं ठेवू नका, त्याने सगळ्यांच्या वतीने हाक मारलेली असते. आणि खडू तुमच्या हातात असेल तर फळ्याकडे बघून लिहू नका. आधी दार वाजवा, आतला आवाज ऐका, मग लिहा. त्या फळ्यावर पुढे एक दिवस पुन्हा शून्य आलंच. ते लिहिण्याआधी कपवाल्याने प्रत्येक दाराशी दोनदा विचारलं होतं, आणि त्या दिवशी गल्लीत एकाही घरात मिक्सर रिकामा फिरत नव्हता.