चिबडातली देवी

क्रांतीचं लग्न झालं त्याच साली अधिक श्रावण आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालून आठ दिवस झाले नाहीत, तोच गावाच्या खालच्या अंगाला पाण्यावर देवी पेटली.

पेटली ती धनपालआण्णांच्या चिबड रानात. तीस वर्षं उसाला पाटानं बेसुमार पाणी पाजलं, तेव्हा ते खोलगट रान कायमचं पाणी धरून बसलं. ऊस गेला, पाणकणीस आणि लव्हाळा माजला. दरसाल तो वाळून तिथंच आडवा व्हायचा, त्यावर गाव आपलं पाचट आणून टाकायचं. बांधावरून जाताना माणूस नाकाला टॉवेल लावी. त्याच बांधावर आता दोन-दोनशे माणसं अनवाणी रांगेत उभी होती.

रांग लावायचं काम मानसिंगकडं होतं. फौजेतून हवालदार होऊन परतलेला माणूस. गळ्यात शिट्टी, हातात काठी.

"एका लाइनीत! म्हाताऱ्यांना फुडं सोडा रं!"

मधोमध जलज्योती महाराज गुडघाभर चिखलात उभे. पुढ्यात बूड कापलेली तांब्याची घागर, तोंड वर करून रोवलेली, तोंडावर भोकाची झाकणी. चेला लांब बांबूनं खालचा चिखल ढवळायचा. त्याला 'देवी जागवणं' म्हणायचं. घागरीत बुडबुड व्हायची, महाराज भोकाशी कापूर धरायचे, आणि भस्सकन निळी ज्योत उठायची.

"पाणी जळतं का?"

"न्हाई!"

"मग हे काय जळतंय?"

"देवी!"

"सायन्सवाल्याला डिगरी हाय, दृष्टी न्हाई!" महाराज गरजायचे. "अरे, सुई म्हंजे लोखंड, आन् लोखंड म्हंजे शनी. रोज अंगात शनी टोचून घेताय आन् वर म्हणताय, साखर उतरंना!"

मग प्रत्येकाला पेलाभर काळं पाणी. त्याला नासक्या अंड्याचा वास यायचा. कुणाला ओकारी आली तर महाराज म्हणायचे, "रोग भाईर पडतोय." ओठांना काळा गाळ लागलेली माणसं हात जोडून घरी जायची.

मानसिंगची बायको चंद्राबाई पहिल्याच दिवशी रांगेत होती. त्यानंच नेली होती. अकरा वर्षं तिला साखरेचं, म्हणजे इन्सुलिनचं, इंजेक्शन तोच द्यायचा, सकाळ-संध्याकाळ. तिचं पोट टोचून टोचून निळं पडलं होतं. सुई पुढं आली की ती भिंतीकडं तोंड करायची, आणि सरहद्दीवर मागं न हटलेला हा माणूस सुई धरून घटकाभर थांबायचा. सुई सुटणार म्हटल्यावर त्यानं दुसरा विचार केला नाही. सुयांची डबी त्यानंच कपाटावर फेकली.

नागपंचमीला त्यांची लेक क्रांती माहेरी आली. ती इस्लामपुरात माती तपासायच्या कामावर होती. आई उठून दारात आली नाही, तशी ती पिशवी टाकून आत धावली. चंद्राबाई भिंतीला टेकून तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. डोळे खोल गेलेले, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास.

"आबा, सुई कवा दिली?"

"पंधरा दिस झालं," मानसिंग म्हणाला.

"चल आये, सांगलीला जायचं. आत्ता!"

"मी न्हाई यायची," चंद्राबाई म्हणाली. "सुई घेतली तर देवी कोपंल. तुझ्या नव्या संसारावर यील, पोरी."

क्रांतीनं ओढलं, विनवलं. चंद्राबाईनं खाटेचा पाय धरला तो सोडेना. शेवटी क्रांती म्हणाली, "तुझी देवी मी पेटवून दावली, तर येशील?"

"तुझ्यानं पेटती व्हय?"

"येशील का?"

"यीन."

क्रांतीनं प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीचं बूड कापलं, काडेपेटी घेतली. मानसिंगच्या मदतीनं आईला रिक्षात घातलं आणि बांधावर आणलं. महाराजांपासून शंभर पावलांवर ती पाण्यात उतरली. बाटली बुडवून भरली, बूच लावून, कापलेलं बूड पाण्यातच ठेवून उभी धरली, आणि बांधावर उभ्या धनपालआण्णांना म्हणाली, "आण्णा, खालनं जरा ढोसा."

रांगेतून ओरड झाली. "आज पंचमी हाय! जमीन उकरायची न्हाई!"

"मग महाराजांचा बांबू काय वाऱ्यात फिरतोय?"

धनपालआण्णांनी धोतर खोचलं आणि काठीनं चिखल ढोसला. बुडबुडे भराभरा बाटलीत चढले. क्रांतीनं बूच काढलं, काडी लावली. भस्सकन निळी ज्योत!

महाराज सावरले. "देवी दयाळू हाय. लेकराला पावली!"

"मंतर न म्हणता? चपला घालून?" क्रांती बापाकडं वळली. "आबा, आज पंचमीची दिंडं कशावर उकडली?"

"गोबरगॅसवर."

"मग शेणाच्या टाकीम्होरं नारळ फोडलासा का कवा?"

कुणीतरी फिसकन हसलं. रांगेतल्या निम्म्या लोकांच्या घरामागं परड्यात तीच टाकी होती. वीस वर्षं त्याच निळ्या ज्योतीवर भाकरी भाजली, आणि बांधावर येऊन तिलाच दंडवत घातला!

"पाचट उघड्यावर कुजलं तर त्याचं खत हुतं, परत पिकात जातं," क्रांती म्हणाली. "पाण्याखाली हवा न्हाई. तिथं ते अर्धवटच कुजतं, काळं हून थरावर थर साचतं. बिनहवेचे जंतू त्यातनं ह्यो गॅस काढत्यात. टाकीत शेण, हितं पाचट आन् लव्हाळा, एवढाच फरक. आन् तुमी पिताय त्ये पाणी वरच्या रानातला युरिया आन् जंतू घिऊन हितं मुरलंय."

तिनं काळा पेला महाराजांपुढं धरला. "घ्या. तुमचंच तीर्थ."

महाराजांनी पेल्याकडं पाहिलं आणि नाक मुरडलं. दोनशे माणसांनी ते पाहिलं. त्यांच्या मोटारीत सीलबंद पाण्याचा खोका होता, तोही आता सगळ्यांना दिसला. पंधरा दिवस हा माणूस लोकांना गटार पाजत होता आणि स्वतः विकतचं पाणी पीत होता. धनपालआण्णा थुंकले. महाराजांची गाडी निघाली तेव्हा कुणी आडवं गेलं नाही. आडवं जायला माणसाची मान वर लागते.

मानसिंग रिक्षाकडं धावला. "बघितलंस न्हवं? चल आता."

"चला," चंद्राबाई म्हणाली. "लय तहान लागलीया."

सांगलीतलं विश्रामबाग येईपर्यंत ती बोलायची थांबली होती. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "सुई कुणी बंद केली?"

"मी," मानसिंग म्हणाला.

पाण्यावर काही पेटलं, तर हात जोडण्याआधी खाली काय कुजतंय ते पाहावं. जो दुसऱ्याला पाजतो ते स्वतः पितो का, हे विचारावं. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. सांगणारा नवरा असला तरीही.

चंद्राबाई पंचमीनंतर सोळा दिवसांनी, सहा सप्टेंबर दोन हजार तेवीस रोजी, बुधवारी पहाटे, सांगलीत दवाखान्यात वारली. तिचं वय चौपन्न होतं.